ऑफिसातलं मायक्रोब्लॉगिंग : कानावर पडणाऱ्या कामाचा इतिहास

कंपनीच्या आत चालणाऱ्या छोट्या पोस्टींचा इतिहास सहसा ट्विटरपासून सांगितला जातो. माझ्या मते तो 1980च्या दशकापासून, झेरॉक्सच्या टेक्निशियनांपासून सांगायला हवा. कॉपियर दुरुस्त करणारी ही माणसं ग्राहकांकडे एकेकटी जायची. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर त्यांच्याबरोबर हिंडले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मॅन्युअलमध्ये उत्तर नसलेले बिघाड हे लोक एकमेकांना किस्से सांगत सोडवतात. जेवायला एकत्र बसले की मशीनच्याच गप्पा. वरवर वेळ वाया गेल्यासारखा दिसे, पण शिकणं तिथेच चाललेलं असे.

मग डेन्व्हरमध्ये एक प्रयोग झाला. टेक्निशियनांच्या हाती दुतर्फी बोलता येईल असे रेडिओ दिले गेले आणि ते कायम चालू ठेवले गेले. कुणी एखाद्या मशीनपुढे अडला, की बाकीच्यांना ते ऐकू येई. ज्याला सुचेल तो मध्ये बोले, बाकीचे आपलं काम करत ऐकत राहत. नव्याने लागलेला मुलगा काहीच बोलला नाही तरी जुन्या लोकांची विचार करायची पद्धत दिवसभर त्याच्या कानावर पडे. शिकणं कसं घडतं याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 साली मांडलेला विचार हाच : नवखा माणूस आधी कडेला राहून बघतो-ऐकतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. रेडिओची अडचण एकच, बोललेलं विरून जाई. पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची प्रणाली उभी केली. तिच्यात टेक्निशियनांच्या युक्त्या तपासून, लिहिणाऱ्याच्या नावासकट साठवल्या जात.

संगणकवाल्यांकडे दुसरा धागा होता. 1971 साली स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ ही संगणकाला द्यायची आज्ञा लिहिली. कोण मशीनवर आहे, हे तिने कळे आणि पुढे त्या माणसाने आपल्या कामाबद्दल लिहून ठेवलेली ‘प्लॅन’ फाईलही दिसू लागली. गेम प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी 1990च्या दशकात या फाईलची कामाची रोजवही केली. झालेल्या कामापुढे तारांकन, नंतर दुरुस्त केलेल्यापुढे अधिकचं चिन्ह, करायचं नाही असं ठरलं त्यापुढे उणे. ती वही कुणीही वाचू शकत असे. काय सोडून दिलं हेही तिच्यात दिसतं, म्हणून मला ती विशेष मोलाची वाटते.

2006 साली ट्विटर आलं. तेही आधी ओडिओ या पॉडकास्ट कंपनीतल्या लोकांनी आपापसात वापरून पाहिलं होतं. एसएमएसची मर्यादा 160 अक्षरांची. त्यातली 20 नावासाठी राखली आणि 140 उरली. या आखूडपणाचा कामाच्या ठिकाणी मोठा फायदा झाला. अहवाल लिहायचं दडपण असतं, दोन ओळींचं नसतं. त्याच वर्षी अभ्यासक अँड्र्यू मॅकाफी यांनी ‘एंटरप्राइझ 2.0’ ही संकल्पना मांडली. ईमेलमधलं ज्ञान ज्याच्या-त्याच्या इनबॉक्समध्ये बंद राहतं, ते सर्वांना दिसेल अशा जागी यावं, हा त्यांचा आग्रह होता.

2008च्या सप्टेंबरमध्ये यॅमर आलं, म्हणजे कंपनीच्या आतलं ट्विटरच. जेनी या वंशावळीच्या वेबसाइटने स्वतःसाठी केलेलं हे साधन डेव्हिड सॅक्स यांनी स्वतंत्र कंपनी म्हणून बाहेर काढलं. ट्विटर तेव्हा विचारायचं, ‘तुम्ही काय करताय?’ यॅमरने विचारलं, ‘तुम्ही कशावर काम करताय?’ सगळा फरक या प्रश्नात होता. कंपनीचा ईमेल पत्ता असला की कर्मचारी आपणहून नेटवर्क सुरू करू शकत, आयटी विभागाची परवानगी लागत नसे. व्यवस्थापनाला ताबा हवा असेल तर पैसे भरावे लागत. म्हणून हे साधन वरून लादलं न जाता खालून पसरलं. 2010 साली सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने ‘चॅटर’ हे तसंच साधन आणलं आणि 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने 1.2 अब्ज डॉलरला यॅमर विकत घेतलं.

याने खरंच कुणी शिकतं का? संशोधक पॉल लिओनार्डी यांनी एका मोठ्या वित्तीय कंपनीतले दोन गट तपासले. त्यातल्या एकाने सहा महिने असं साधन वापरलं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कोणाला काय येतं याचा या गटाचा अंदाज 31 टक्क्यांनी सुधारला आणि कोण कोणाला ओळखतं याचा 88 टक्क्यांनी. दुसऱ्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. इतरांचं बोलणं नुसतं नजरेखालून गेल्याने हे घडलं होतं. म्हणून किती जणांनी पोस्ट टाकली यावरून अशा साधनाचं यश मोजणं मला चुकीचं वाटतं; गप्प राहून वाचणारा त्या मोजणीत दिसतच नाही.

त्यानंतर वारं फिरलं. 2014 साली स्लॅक हे गटात गप्पा मारायचं साधन सर्वांसाठी खुलं झालं, 2017 मध्ये त्याच धर्तीचं मायक्रोसॉफ्ट टीम्स आलं आणि रोजचं बोलणं सर्वांपुढून सरकणाऱ्या फीडमधून एकेका गटाच्या किंवा विषयाच्या चॅनेलमध्ये गेलं. 2023 साली यॅमरचं नाव जाऊन ते ‘व्हिवा एंगेज’ झालं. फेसबुकने 2016 साली आणलेलं ‘वर्कप्लेस’ हे ऑफिसांसाठीचं साधन बंद करत असल्याचं फेसबुकची मूळ कंपनी मेटाने 2024 मध्ये जाहीर केलं. चॅनेलमुळे एका गटाचं काम नक्कीच वेगाने होतं. पण फीडमध्ये कुणाला फॉलो करायचं, ही निवड वाचणाऱ्याची असे. खाजगी चॅनेलमध्ये ती आत घेणाऱ्याची असते, आणि कालच रुजू झालेल्या माणसाला शेजारच्या गटाचा तसा चॅनेल आहे, एवढंही कळत नाही.