पोत्याच्या काट्यावर सोनं

दोन वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका एकांकिका स्पर्धेत गुणांची बेरीज करायचं काम माझ्याकडे आलं. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे असली कामं लोक हक्कानं सांगतात आणि मलाही ती आवडतात. तीन परीक्षक, दिवसभरात नऊ एकांकिका, अभिनयाला 20 पैकी गुण.

सकाळी साडेनऊला तिसरी घंटा झाली तेव्हा सभागृहात पन्नासेक माणसं असतील. पहिल्याच एकांकिकेत एका मुलीनं आजीचं काम केलं. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा लावून ती तो कानामागं बांधत असते. दोरा सुटतो, ती पुन्हा बांधायला घेते. तेवढ्यात मुलगा येऊन सांगतो की घर विकलं. तिचे हात थांबले नाहीत. गाठ पूर्ण झाली, चष्मा नाकावर नीट बसला, आणि मग तिनं मान वर करून मुलाकडं बघितलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

एका परीक्षकांनी तिला 14 गुण दिले. चहाच्या वेळी मी सहज विचारलं, तर म्हणाले, "सर, पहिलाच प्रयोग. पुढं काय येतंय माहीत नाही, म्हणून जरा हात राखून दिले." संध्याकाळी त्याच रकान्यात 16, 17, 18 असे आकडे पडत गेले. सकाळचे 14 मात्र तसेच राहिले. त्या मुलीला उत्तेजनार्थ मिळालं.

परीक्षक प्रामाणिक होते. कुणाचा फोन आला नव्हता, कुणाचा वशिला नव्हता. म्हणूनच तो 14 माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या गावात नाटकावर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं. तेव्हापासून सांगलीचा माणूस तिकीट काढतो तो मत द्यायचं ठरवूनच. ऑस्कर असो की राष्ट्रीय पुरस्कार, निकालाच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर दोनच बाजू असतात: "सगळं मॅनेज असतं" आणि "गुण असल्याशिवाय मिळत नाही". मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. वशिला शोधायच्या आधी आपण ज्या काट्यावर अभिनय तोलतो तो काटा किती बारीक वजन दाखवतो हे तपासायला हवं, आणि त्या तपासणीचं बरंच काम शास्त्रज्ञांनी करून ठेवलेलं आहे.

आधी क्रमाचं बघू. ब्रुसेल्समध्ये क्वीन एलिझाबेथ नावाची पियानो, व्हायोलिन वगैरे वादनाची जगप्रसिद्ध स्पर्धा होते. अंतिम फेरीत 12 वादक, रोज दोघे, सहा संध्याकाळी. कोण कधी वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, म्हणजे क्रमाचा आणि गुणवत्तेचा काही संबंध असायचं कारण नाही. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या अनेक वर्षांच्या स्पर्धांचे निकाल तपासले आणि 1996 मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळायची शक्यता कमी, पाचव्या दिवशी वाजवणाऱ्यांना जास्त. एक कारण असं दिसतं की अंतिम फेरीसाठी एक नवी रचना मुद्दाम लिहून घेतलेली असते. पहिल्या संध्याकाळी ती परीक्षकांच्याही कानाला नवखी असते, आणि पाचव्या दिवसापर्यंत त्यांचा कान तयार होतो.

2005 मध्ये वँडी ब्रूइन दे ब्रूइन या संशोधिकेनं युरोव्हिजन गाण्यांची स्पर्धा आणि फिगर स्केटिंगचे गुण तपासले. तिथंही उशिरा येणाऱ्याला झुकतं माप मिळालेलं होतं. आमचे परीक्षक 'हात राखून' म्हणाले, तेच हे. वरची जागा एकदा राखून ठेवली की पहिल्या माणसाला ती मिळणं अवघड होऊन बसतं.

चित्रपटांच्या पुरस्कारात स्टेजवरचा क्रम नसतो, पण कॅलेंडर असतं. ऑस्करची आशा धरून केलेले चित्रपट वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत दाटीवाटीनं प्रदर्शित होतात. फेब्रुवारीत आलेलं काम पुढच्या जानेवारीपर्यंत मतदारांच्या आठवणीत टिकवणं अवघड, हे निर्मात्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता काट्याचं. रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक स्वतः द्राक्षांपासून वाइन बनवत. एकच वाइन एका स्पर्धेत सुवर्ण मिळवते आणि दुसरीत रिकाम्या हातानं परत येते, याचं त्यांना कोडं पडलं. त्यांनी तिथल्या राज्य जत्रेच्या स्पर्धेत आयोजकांच्या संमतीनं एक प्रयोग केला. एकाच बाटलीतली वाइन त्याच परीक्षकासमोर, इतर नमुन्यांत मिसळून, तीन वेळा ठेवली. 2008 मध्ये निकाल छापून आला: तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे परीक्षक साधारण 10 टक्केच निघाले. ही सगळी मुरलेली माणसं होती.

मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी बघितले असतील त्यांना हे लगेच कळेल. व्यापारी कांडी मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि दर बोलतो. वर्षानुवर्षांचा हात असतो, अंदाज सहसा चुकत नाही. चुकलाच तर प्रयोगशाळेत हळदीला रंग देणाऱ्या कुरक्युमिनचं प्रमाण काढून दाखवता येतं. अभिनयात असं बाजूला काढून मोजण्यासारखं द्रव्य नाही. शिवाय हळदीच्या पोत्याचा काटा पोत्यासाठी उत्तम असतो. त्याच काट्यावर दोन अंगठ्या ठेवून कुठली जड असं विचारलं, तर तो काहीतरी सांगेलही, पण त्या उत्तराला अर्थ नसेल. नऊ एकांकिकांतून चांगल्या तीन वेगळ्या काढणं हे पोत्याचं वजन झालं. त्या तिघांत पहिला कोण, हे अंगठीचं. माझा अनुभव असा की पहिल्या कामात परीक्षक फारसे चुकत नाहीत. दुसऱ्या कामात मात्र तेच परीक्षक दुसऱ्या दिवशी वेगळा निकाल देऊ शकतात.

2006 मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी इंटरनेटवर केलेला प्रयोग याच दिशेनं बोट दाखवतो. अनोळखी बँडांची 48 गाणी आणि 14,000 हून अधिक श्रोते. आधी किती जणांनी कुठलं गाणं उतरवून घेतलं हे काहींना दिसत नव्हतं. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकून ते दाखवलं गेलं. प्रत्येक गटात वेगळीच गाणी डोक्यावर घेतली गेली. फार चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, फार वाईट सहसा वर गेली नाहीत, पण मधलं कुठलंही गाणं कुठंही जाऊ शकत होतं. हॉलिवूडमध्ये ऑस्करच्या आधी एकामागून एक पुरस्कार सोहळे होतात आणि त्यांचे निकाल प्रत्येक मतदाराच्या डोळ्यांसमोर असतात. स्वतःचं मत बनायच्या आधीच लाट बनलेली असते.

चित्रपटाच्या अभिनयात आणखी एक अडचण आहे, आणि नाटकवाल्या गावात ती मोकळेपणानं मांडायला हवी. पडद्यावर दिसतं ते काम एकट्या नटाचं नसतं. 1920 च्या सुमारास रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हनं एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो कधी सूपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली, असं त्याचे सहकारी सांगत. मूळ फीत आज उपलब्ध नाही. नंतर इतरांनी हा प्रयोग करून बघितला तेव्हा काहींना तसाच परिणाम मिळाला, काहींना नाही. पण संकलनाच्या टेबलाजवळ बसलेल्या कुणालाही विचारा, नटाचं थांबणं किती क्षणांचं हे बऱ्याचदा तिथं ठरतं. त्या मुलीनं गाठ मारून वर बघायला जो वेळ घेतला तो तिचा स्वतःचा होता. पडद्यावर तो संकलकाचाही असू शकला असता, आणि पुरस्कारावर नाव तरी नटाचंच कोरलं गेलं असतं.

मग मतदार नेमकं काय मोजतात? मानसशास्त्राचे अभ्यासक डॅनियल कानेमन आणि शेन फ्रेडरिक यांनी 2002 मध्ये मांडलेली कल्पना इथं उपयोगी पडते: अवघड प्रश्न समोर आला की मन गुपचूप त्याच्या जागी सोपा प्रश्न ठेवतं आणि त्याचं उत्तर देतं. 'अभिनय किती सखोल?' हा अवघड प्रश्न. 'मूळ माणसासारखा दिसतो-बोलतो का?' हा सोपा, कारण ताडून बघायला मूळ माणूस असतो. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्यांची यादी या नजरेनं वाचा. गांधी झालेले बेन किंग्सली, लिंकन झालेले डॅनियल डे-लुइस, हॉकिंग झालेला एडी रेडमेन, चर्चिल झालेले गॅरी ओल्डमन, फ्रेडी मर्क्युरी झालेला रामी मलेक, ओपनहायमर झालेला किलियन मर्फी. यातली कामं मोठीच आहेत, मला त्यातली काही मनापासून आवडतात. पण कुणाच्याही ओळखीची नसलेली, लेखकानं कल्पनेतून घडवलेली आजी उभी करणाऱ्याला असा तयार आरसा मिळत नाही.

इथवर मी डगमगत्या काट्याबद्दल बोललो. काटा एका बाजूला झुकलेला असणं हा वेगळा आजार आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. डगमग कुणाच्याही वाट्याला येते, झुकाव मात्र दरवेळी त्याच माणसांच्या. 2012 मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं ऑस्कर अकादमीच्या सदस्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे 94 टक्के गोरे आणि 77 टक्के पुरुष निघाले. 2015 आणि 2016, लागोपाठ दोन वर्षं अभिनयाच्या वीसच्या वीस नामांकनांत एकही बिगरगोरं नाव नव्हतं. ओरड झाली, अकादमीनं सदस्यत्वाची दारं उघडली आणि आज मतदारांची संख्या 10,000 च्या आसपास आहे. आपल्याकडचा झुकाव मी गुणपत्रिकांवर बघितला आहे. जत-आटपाडीकडच्या पोरांनी आपल्या बोलीत जीव ओतून काम करावं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'उच्चारांवर मेहनत हवी' असं वाचावं, हे मला प्रत्येक वेळी लागतं. त्या पोरांचा उच्चार बिघडलेला नसतो, तो त्यांच्या गावचा असतो.

मोजण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. ऑस्करच्या अंतिम फेरीत अभिनयासाठी प्रत्येक सदस्य पाचांपैकी एकच नाव निवडतो. मतं पाच जणांत सारखी विखुरली तर 20 टक्क्यांहून थोडी जास्त मतं जिंकायला पुरतात, मग उरलेल्यांपैकी बहुतेकांना तो विजेता पाचव्या क्रमांकाचा वाटत असला तरी. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम लिहून घेतात, अभिनयाच्या अंतिम फेरीत नाही. नामांकित कामं सगळी बघितल्याशिवाय त्या गटात अंतिम मत देता येणार नाही, हा नियम तर अकादमीनं 2025 मध्ये केला. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारात मोजके परीक्षक चित्रपट बघतात आणि चर्चा करून ठरवतात. न बघता मत देण्याचा धोका तिथं कमी, पण ठाम आवाजाच्या एका माणसामागं बाकीचे जाण्याचा धोका जास्त. त्यावर साधा उपाय आहे: तोंड उघडायच्या आधी प्रत्येकानं आपला क्रम कागदावर लिहून ठेवायचा.

एवढी बारकाई कशाला, असं आमच्या नाट्यमंडळातले एक काका मला म्हणाले. "अरे, बक्षीस गेलं तर गेलं, काम राहतंय." त्यांचं वय आणि त्यांची कामं बघता त्यांना हे म्हणायचा अधिकार आहे. पण ब्रुसेल्सच्या त्याच स्पर्धेची पुढची हकीकत मी त्यांना सांगितली. गिन्सबर्ग आणि व्हॅन ऑर्स यांनी 2003 मध्ये दाखवलं की वरचा क्रमांक मिळालेल्यांची पुढची कारकीर्द अधिक बहरली, आणि त्यात क्रमांकाचा स्वतःचा हात होता. चिठ्ठीतून आलेला दिवस क्रमांकावर परिणाम करतो आणि क्रमांक आयुष्यावर. उत्तेजनार्थ मिळालेल्या मुलीला घरचे पुढच्या वर्षी तालमीला पाठवतील की नाही, हे आपल्याकडं कधी कधी त्या एका कागदावर ठरतं. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग कागद नीट लिहायला लावा."

तेच करतोय. यंदा आयोजकांना मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, प्रत्येक सत्रातले तीनही प्रयोग बघून झाल्यावरच गुण कायम करायचे, तोवर पेन्सिलीनं लिहायचे. ती त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर अजून चर्चा चालू आहे. तिच्यासाठी मी जुना दाखला काढून दिला. नोव्हेंबर 1932 च्या ऑस्कर सोहळ्यात फ्रेडरिक मार्चला वॉलेस बीरीपेक्षा एकच मत जास्त होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन मतांच्या आतला फरक हा फरक धरला जात नसे, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दोघांनाही दिला गेला. पुढं तो नियम गेला. आता मतं तंतोतंत सारखी पडली तरच पुरस्कार विभागून मिळतो, जसा 1969 मध्ये कॅथरिन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँडला मिळाला. आपल्याकडं 2012 च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारात विक्रम गोखले आणि इरफान खान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान विभागून दिला होता.

माझी सूचना एवढीच आहे: तिन्ही परीक्षकांच्या बेरजेत दोन गुणांच्या आतला फरक असेल तर अभिनयाचं बक्षीस विभागून द्यायचं. खजिनदार विचारताहेत, दुसऱ्या चषकाचा खर्च कुठून काढायचा. तो मी देतो म्हणून सांगितलंय.