पाकीट, निगेटिव्ह, फोन

मे महिन्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या एका टू-बीएचकेत, ओळखीच्या एका मुलाच्या सिनेमाचं शूटिंग बघायला गेलो होतो. लग्न झालेली बाई, तिचं बाहेरचं प्रकरण आणि पैसे मागणारा एक अनोळखी आवाज, गोष्ट एवढीच. दिवसाची रात्र करायला खिडक्यांना आतून गोधड्या लावल्या होत्या. घरघर नको म्हणून पंख्यांसोबत फ्रीजही बंद. पॅकअपनंतर तो सुरू करायचा राहू नये म्हणून साउंडवाल्याने स्वतःच्या बाइकची किल्ली फ्रीजमध्येच ठेवली होती! घामाघूम झालेल्या दिग्दर्शकाला विचारलं, हाच विषय का? म्हणाला, "परवडतो."

खरंच आहे ते. दरोड्याला बँक लागते, पाठलागाला गाड्या लागतात. ब्लॅकमेलला एक दार आणि वाजणारी बेल पुरते. म्हणून या प्रकाराचा पिंड मुळात नाटकाचा. फ्रेडरिक नॉटचं 'डायल एम फॉर मर्डर' १९५२ साली आधी बीबीसी टेलिव्हिजनवर आणि मग लंडनच्या रंगभूमीवर आलं, ते जवळजवळ सगळं एका दिवाणखान्यात घडतं. बायकोच्या पर्समधलं प्रेमपत्र चोरीला जातं, तिला निनावी धमक्या येतात, आणि चोर असतो नवराच. आपल्याकडे १९८५च्या 'ऐतबार'ने हाच सांगाडा उचलला.

नवऱ्यानेच धमकावण्याची ही क्लृप्ती बी. आर. चोप्रांच्या 'गुमराह'मध्येही (१९६३) आहे. माला सिन्हाला छळणारी शशिकला शेवटी निघते बॅरिस्टर नवऱ्याची, म्हणजे अशोककुमारची, सेक्रेटरी. (साठ वर्षं झाली, आता रहस्य फोडायला हरकत नसावी.) तो काही स्वस्तातला सिनेमा नव्हता. काटकसरीचा धडा त्यांच्याच बॅनरच्या 'इत्तेफाक'ने (१९६९) दिला. गाणी नाहीत, मोजकी पात्रं, बहुतेक गोष्ट एका घरात, एका रात्रीत. मूळ पुन्हा नाटकच, गुजराती रंगभूमीवरचं. आजचे आमचे फ्लॅटमधले थ्रिलर मला त्याचीच नातवंडं वाटतात, जरा हडकुळी.

त्या काळातली भीती समजायला नानावटी खटला आठवावा लागतो. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या कमांडर नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला मुंबईत गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. हायकोर्टाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, पण १९६४ मध्ये माफी मिळाली. लोकांची सहानुभूती कुणाकडे होती, हे त्या ज्युरीवरूनच कळतं. कायदाही तसाच होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ मध्ये परक्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद, तक्रार नवऱ्याची, आणि त्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. जणू बायको म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. घटस्फोटाला व्यभिचाराचं कारण चालतं, पण तुरुंग नाही. उलट खंडणीची शिक्षा वाढली. जुन्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये ती सात वर्षांपर्यंत आहे. म्हणजे कागदावर आता घाबरायचं ते धमकावणाऱ्याने. तरी गोष्ट चालतेच, कारण भीतीने पत्ता बदललाय. कोर्टातून ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली.

धमकीची वस्तूही बदलत गेली. आधी पत्र, मग फोटोची निगेटिव्ह. पैसे मोजले की निगेटिव्ह हातात यायची, जाळता यायची, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकायचे. मोबाइलमधल्या क्लिपच्या किती प्रती निघाल्या, हे देवालाही सांगता येणार नाही. त्यामुळे जुना तिसरा अंकच मोडीत निघाला. गंमत म्हणजे अशा सिनेमांना हातभारही तशाच यंत्राचा. २००८ मध्ये फोटोच्या कॅमेऱ्यात, कॅनन फाइव्ह-डी मार्क टूमध्ये, फुल एचडी व्हिडिओ आला आणि कमी पैशांत सिनेमासारखं चित्र मिळू लागलं.

कासारवडवलीच्या पटकथेत पोलिसांचा एकच सीन होता. चौकी उभारणं परवडेना म्हणून कापला, आणि कुणाला तो आठवलाही नाही. त्याऐवजी जेवणाच्या टेबलावर, नवऱ्याच्या ताटाशेजारी, तिचा फोन थरथरतो. स्क्रीनची बाजू वर, नवऱ्याचा हात आमटीच्या वाटीकडे. तेवढ्या शॉटचे अकरा टेक झाले, आमटी दोनदा गरम करावी लागली.