रात्री दोनचं विमान : पुण्याहून निघणाऱ्या आईबाबांसाठी

मुंबईहून फ्रँकफर्टला जायच्या तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 02:10 असेल, तर घर सोडायचं 14 तारखेला संध्याकाळी. हे आम्ही तिकीट देताना सांगतो, पाकिटावर लाल पेनानं लिहितोही. तरी ‘गाडी 15च्या संध्याकाळी पाठवा’ असा फोन येतोच. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, एवढाच तो घोळ. पण त्यात अख्खं तिकीट जातं.

मुंबई विमानतळाच्या टी-2 टर्मिनलवर तीन तास आधी, म्हणजे अकराच्या सुमारास पोचायचं. घाट धरून गाडीचे चार तास मोजा. शुक्रवार असेल तर आणखी एक, आणि त्यावर वाद घालू नका. बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी काउंटर बंद करतात. मग कोणाची ओळख चालत नाही. सोडायला आलेल्यांचा निरोप दारातच घ्यायचा, कारण आत जाताना जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतात.

पुण्याच्या दारापासून फ्रँकफर्टला बाहेर पडेपर्यंत अठरा तास सहज होतात. त्यात विमानातले जेमतेम नऊ. म्हणून ताकद आधीच्या अर्ध्यात संपवू नका : दुपारी झोप काढा, रात्रीचं जेवण वाटेत आठ-नऊला उरका. विमानातलं ताट पहाटे तीन-साडेतीनला येतं. मधुमेह असणाऱ्यांनी त्या ताटाच्या भरवशावर राहू नये, डबा जवळ ठेवावा.

बॅगांचं थोडक्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. लोणचं मोठ्या बॅगेत, नीट बांधून. हातात 100 मिलिलिटरच्या वरची बाटली काढून घेतात. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी. इन्सुलिन खालच्या सामानात कधीही टाकू नका, तिथे ते गोठू शकतं.

आता रात्र. इकॉनॉमीत दोन रांगांमध्ये साधारण 31-32 इंच अंतर असतं. पाय पसरायची अपेक्षा सोडा. आम्ही साठीपुढच्यांना खिडकी देत नाही. ढग पाच मिनिटं दिसतात, शेजाऱ्याला उठवायचा संकोच रात्रभर पुरतो आणि त्या संकोचापायी माणसं पाणी प्यायचीच थांबतात. केबिनमधली हवा अतिशय कोरडी असते, हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढा. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर नऊ तास बसून असता. घसा सुकतो, पाय सुजतात. पाणी घोटघोट पीत राहा, दीड-दोन तासांनी एक फेरी मारा, बसल्या बसल्या घोटे फिरवा. पायात पूर्वी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारा. बूट सैल घाला. घट्ट बूट रात्री काढले की सकाळी पाय आत जात नाहीत, मग इमिग्रेशनच्या रांगेत टाचा बाहेर काढून उभं राहावं लागतं.

शाल न्या. विमानातलं पांघरूण पातळ असतं.

व्हीलचेअर हवी असेल तर 48 तास आधी आम्हाला कळवा, शाकाहारी किंवा जैन जेवणाचंही तेव्हाच सांगा. चालता येतं म्हणून व्हीलचेअर नको, असं बरेचजण म्हणतात. टी-2वर काउंटरपासून गेटपर्यंत किती चालायचं ते एकदा मुलाला विचारून बघा.