हार्बिन, रॉबर्ट

हार्बिन, रॉबर्ट : (१९०८–१९७८). ब्रिटनमध्ये नावारूपाला आलेले रंगमंचीय जादूगार आणि जादूच्या साहित्याचे कल्पक निर्माते. मूळ नाव नेड विल्यम्स. जन्म दक्षिण आफ्रिकेतील बाल्फोर येथे. शाळेत आलेल्या एका माजी सैनिकाचे जादूचे प्रयोग पाहून त्यांना या कलेची गोडी लागली. विशीत ते लंडनला आले आणि गॅमेजेस या मोठ्या दुकानाच्या जादू विभागात काम करू लागले. पुढे म्युझिक हॉलमध्ये (गाणी व विविध करमणुकीचे कार्यक्रम होणारी नाट्यगृहे) प्रयोग आणि मग दूरचित्रवाणी, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांनी रंगमंच कधी सोडला नाही; पण त्यांचे खरे मोठेपण त्यांनी घडवलेल्या साहित्यात आहे.

त्यांची सर्वांत गाजलेली निर्मिती म्हणजे १९६५ च्या सुमाराची ‘झिग-झॅग गर्ल’. बाई कापण्याचा खेळ नवा नव्हता; ब्रिटिश जादूगार पी. टी. सेल्बिट यांनी तो १९२१ मध्येच लंडनच्या रंगमंचावर आणला होता. त्यात बाई आडव्या खोक्यात बंद असे आणि कापले जात असताना प्रेक्षकांना ती दिसतही नसे. हार्बिन यांनी पेटी उभी केली. दर्शनी बाजूच्या झरोक्यांतून सहायिकेचा चेहरा, हात आणि पाऊल दिसत राहते. जादूगार दोन रुंद धातूची पाती आडवी सरकवतो आणि पेटीचा मधला भाग बाजूला ढकलतो. डोके व पाय जागच्या जागी, धड मात्र भलतीकडे; आणि त्या सरकलेल्या भागातला हात अजूनही रुमाल हलवत असतो! यात ना आरसा, ना लपलेली दुसरी बाई. पेटीच्या रंगकामामुळे ती आहे त्याहून अरुंद भासते आणि प्रेक्षकाचा जागेचा अंदाज चुकतो. उरलेल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून, चेहऱ्यावरचे हसू ढळू न देता उभी राहते ती सहायिका. या खेळाचे निम्मे श्रेय तिला द्यायला हवे.

खेळ इतका सुटसुटीत की जगभर त्याच्या नकला निघाल्या, बहुतेक विनापरवानगी. जादूच्या व्यवसायात कल्पनेची चोरी सिद्ध करणे अवघड. कायद्याचा आधार शोधावा तर गुपितच उघडे करावे लागते. हार्बिन यांना या नकलांचे फार दुःख झाले. १९७० मध्ये त्यांनी आपल्या निर्मितींची माहिती एका ग्रंथात दिली, पण त्याच्या ५०० प्रतीच काढल्या. प्रत घेणाऱ्याला त्यातील साहित्य बनवून वापरण्याची मुभा मिळे. कारागिराने आपला हक्क राखण्यासाठी काढलेली ही वाट सरळ आणि स्वाभिमानाची होती.

‘असिस्टंट्स रिव्हेंज’ हा त्यांचा आणखी एक खेळ. त्यात जादूगार सहायिकेला चौकटीला जखडतो, पडदा फिरतो आणि क्षणात ती मोकळी, तर जादूगार तिच्या जागी बांधलेला दिसतो.

कागदाच्या घड्यांचाही त्यांना तितकाच नाद होता. १९५६ पासून त्यांनी ओरिगामीवर इंग्रजीत पुस्तके लिहिली आणि ब्रिटनमध्ये ही जपानी कला घरोघरी पोहोचवली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ओरिगामी सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते.