झोपेतली लाथ आणि तिचं घड्याळ

"हे रातभर लाथा झाडतेत जी, अन् सकाळी म्हनतेत, मी तं हाललोच नाही." कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या एका गावातलं जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. नवरा ओशाळून हसत होता. त्याला खरोखरच काही माहीत नव्हतं. दवाखान्यात येण्याआधी पायाला काळा दोरा बांधून झाला होता, उशाशी विळा ठेवून झाला होता, आणि कुणीतरी 'बाहेरचं' असल्याचंही सांगून गेलं होतं. लोखंडाचा या दुखण्याशी संबंध आहे, पण तो उशाखालच्या विळ्याशी नाही.

मी बाईंना एवढंच विचारलं, दोन लाथांच्या मध्ये किती वेळ जातो? "वीस-पंचवीस आकडे मोजले का पुन्हा." निम्मं निदान तिथंच झालं.

झोप लागता लागता सगळं अंग एकदाच दचकतं, ते कुणालाही होतं. पोटरीत गोळा येतो तो दुखून जागं करतो. ही हालचाल वेगळी; झोपेत ठरावीक अंतरानं पाय हलण्याचा हा प्रकार (इंग्रजीत PLMS). मुळात ती लाथच नाही. पाय बाहेर फेकला जात नाही, वर ओढला जातो. आधी अंगठा उठतो, मग घोटा वर वळतो, कधी गुडघा आणि मांडीही दुमडते. बाभळीचा काटा रुतला की पाय झटकन वर येतो, अगदी तसं. एक-दोन सेकंदांत सगळं शांत, आणि बहुधा वीस ते चाळीस सेकंदांनी पुन्हा तेच. चार्ल्स सायमंड्स या इंग्रज मेंदुविकारतज्ज्ञानं 1953 मध्ये याचं वर्णन केलं. ठरावीक अंतरानं येणारी ही लय इटलीतल्या बोलोन्या शहरात लुगारेसी यांच्या गटानं 1960 च्या दशकात रात्रभराच्या आलेखांवर पकडली.

काट्याची उपमा मी उगाच दिली नाही. काटा रुतल्यावर पाय ओढायचा निर्णय मेंदू घेत नाही, मज्जारज्जू परस्पर घेतो. जागेपणी मेंदू या यंत्रणेवर झाकण ठेवून असतो. झोपेत ते सैल होतं. अपघातात मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या, मेंदूचा एकही संदेश पायापर्यंत न पोचणाऱ्या माणसांतही या लयबद्ध हालचाली दिसल्या आहेत. म्हणजे पाय उचलायची यंत्रणा खालीच आहे. आणि तरी गंमत अशी, की अनेकदा पाय हलायच्या काही क्षण आधीच हृदयाचे ठोके वाढू लागतात. पाय हलला म्हणून झोप चाळवते, की झोपेतच काहीतरी लाटेसारखं वर-खाली होतं आणि पाय व हृदय दोघंही त्यावर नाचतात? मला दुसरं पटतं.

मोजणी अशी. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो स्नायू असतो, त्यावर दोन्ही पायांना इलेक्ट्रोड चिकटवतात. विजेचा संकेत मूळ पातळीपेक्षा 8 मायक्रोव्होल्टनं वाढला आणि अर्धा ते 10 सेकंद टिकला, तर ती एक हालचाल. दोन हालचालींच्या सुरुवातींत 5 ते 90 सेकंद अंतर हवं, आणि अशा निदान चार ओळीनं हव्यात. घोरता घोरता श्वास अडकून सुटताना पाय हलला, तर तो धरायचा नाही. तो आजार श्वासाचा. उरलेल्या हालचाली तासाला मोठ्यांत 15 च्या वर, मुलांत 5 च्या वर गेल्या तर लक्ष द्यायचं. पण नुसता आकडा म्हणजे आजार नव्हे. साठीनंतर हा आकडा अनेकांत वाढलेला असतो आणि त्यांना काही त्रास नसतो. झोप मोडते का, दिवसा पेंग येते का, हे विचारावंच लागतं. मनगटावरचं घड्याळ 'अस्वस्थ झोप' दाखवतं म्हणून घाबरून येणारेही आता वाढलेत. अंगठ्याची हालचाल मनगटाला काय कळणार!

नवऱ्याला नागपूरला तपासणीसाठी पाठवलं. जोडपं उठता उठता माझ्या डोक्यात आलं, ही बाई रात्रभर आकडे मोजायला जागी कशी?

"मलेच झोप येत नाही नं. दिवे लागले का पाय वयवय करतेत. उठून आंगनात फिरलं का बरं वाटते."

हा दुसरा आजार, अस्वस्थ पायांचा. पाय हलवावेसे वाटणं, बसल्या-पडल्या ते वाढणं, चाललं की थांबणं, संध्याकाळी-रात्री जोर धरणं, आणि दुसऱ्या कशानं त्याचा उलगडा न होणं. याचं निदान यंत्रावर होत नाही, असं विचारूनच होतं. इथे लोह येतं. या आजारात गुंतलेलं डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, आणि ते बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. म्हणून रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासायचं. या आजारात ते 75 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली असलं तरी लोह देण्याचा विचार करतात. मात्र अंगात ताप-सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात लोह आधीच साचलेलं असू शकतं, तेव्हा मनानं गोळ्या सुरू करू नयेत.

बाईंचं फेरिटिन 11 आलं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा दोन तास लांब ठेवायचा, एवढं सांगितलं. गोळीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. चहावरून मात्र बराच वेळ घासाघीस झाली.