२९,९७,९२,४५८ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही

फोंड्यातल्या एका शिकवणीत परवा पुन्हा ऐकलं : "प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. अगदी शेवटच्या मीटरपर्यंत मोजलाय, निसर्गाचाच आकडा तो." वेग निसर्गाचा खरा, पण आकडा आपला. १९८३ साली तो ठरवून टाकला आणि मीटरची व्याख्याच त्यावरून केली. म्हणून त्यात मोजमापाची चूक उरत नाही. २०१९पासून प्लांकचा स्थिरांकही, म्हणजे क्वांटम भौतिकीतला मूलभूत आकडा, असाच नेमलेला आहे.

भात कुडवाने मोजा की किलोने, कणगीत असतं तेवढंच राहतं. बदलतो तो आकडा. एकक बदललं तरी हलत नाहीत ते एककच नसलेले स्थिरांक. सूक्ष्मरचना स्थिरांक, म्हणजे विद्युतचुंबकीय बल किती जोरकस ते सांगणारा आकडा, साधारण १/१३७. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड. हे बैठकीत ठरवता येत नाहीत, मोजावेच लागतात, आणि एवढेच का, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मुलांना नवल वाटायला हवं ते याचं.

आणि गुरुत्वत्वरणाचे ९.८, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितक्या मीटर प्रतिसेकंदाने वाढतो तो आकडा? तो विश्वाचा स्थिरांकच नव्हे. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३, चंद्रावर जेमतेम १.६. सगळीकडे सारख्याच असणाऱ्या न्यूटनच्या गुरुत्वस्थिरांकाच्या पंगतीला त्याला बसवू नये.