रेकी आणि परिचर्या (कोल्हापूर)

रेकी ही हात ठेवून करायची जपानी उपचारपद्धती आहे. रुग्णाच्या अंगावर किंवा अंगापासून थोड्या अंतरावर तळवे स्थिर धरले की प्राणशक्ती त्याच्याकडे वाहते आणि शरीर आपले आपण सावरू लागते, असे रेकी देणारे मानतात. ही शक्ती आजवर कोणत्याही उपकरणावर मोजता आलेली नाही. तरीही रुग्णालयांत रेकी आली ती बहुतेक परिचारिकांच्या हातून. कोल्हापुरातही ती रुग्णालयाने नेमून दिलेली सेवा नाही. एखादी सिस्टर सुटीच्या दिवशी शिबिर करते आणि शिकलेले आधी स्वतःवर, मग घरच्यांवर, क्वचित वॉर्डात वापरते.

पद्धतीचे जनक मिकाओ उसुई (१८६५–१९२६). १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपवास आणि ध्यान करताना त्यांना ही विद्या लाभली, अशी परंपरा आहे. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी नौदलातले डॉक्टर होते. हवाई बेटांवरच्या हावायो ताकाता यांनी हायाशींकडून रेकी शिकून ती पाश्चात्त्य जगात नेली आणि १९८० मध्ये निधन होण्यापूर्वी २२ जणांना मास्टर, म्हणजे रेकी शिकवणारे गुरू, केले. भारतीय शहरांत तिचे वर्ग १९९० च्या दशकात फोफावले. फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री आणि मास्टर अशा तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी एक-दोन दिवसांत होते, दुसरीत चिन्हे आणि लांबून रेकी पाठवणे शिकवतात. प्रत्येक पायरीला गुरूकडून अट्यूनमेंट, म्हणजे एक प्रकारची दीक्षा, घ्यावी लागते.

पूर्ण सत्राला तासभर तरी लागतो. सरकारी वॉर्डात एवढा वेळ कुणाकडे नसतो. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आणि सगळ्यांच्या तोंडी ‘सीपीआर’, इथे राधानगरी-शाहूवाडीपासून कोकण आणि सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात. नाईटला सलाईन, इंजेक्शने, टीपीआरचे (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींचे) चार्ट आणि नातेवाइकांचे प्रश्न यांतून उरतील तीच पाच-दहा मिनिटे. त्यामुळे वॉर्डातली रेकी फार तर ऑपरेशनला न्यायच्या आधी घाबरलेल्या बाईच्या कपाळावर आणि खांद्यावर हात ठेवण्याइतकीच असते. भाजलेल्या जागी, जखमेवर किंवा ड्रेसिंगवर हात टेकवायचा नाही, आधी विचारायचे, आधी आणि नंतर हात धुवायचे आणि चालू औषधाला धक्का लावायचा नाही, ही बंधने यात धरलेलीच असतात. विचारण्याला इथे विशेष अर्थ आहे: सिस्टर काही करते म्हटल्यावर खेड्यातला रुग्ण सहसा नाही म्हणत नाही.

परिचर्येत स्पर्श काही रेकीने आणला नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे, पाठ पुसून चोळणे, ज्याला वॉर्डात ‘बॅक केअर’ म्हणतात, हे प्रत्येक विद्यार्थिनी पहिल्या वर्षातच शिकते. कामाचा रेटा वाढला की सर्वांत आधी हेच मागे पडते, आणि नातेवाइकांवर किंवा मावशींवर सोपवले जाते.

संशोधनातला सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतला, २०११ चा आहे. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचे तीन गट केले. एकाला खरी रेकी, दुसऱ्याला रेकी न शिकलेल्या व्यक्तीने नुसते तसेच हात ठेवणे, तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. पहिल्या दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. परिचारिकेने शेजारी बसून एकट्या त्या रुग्णाला दिलेला वेळ कामी आला, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ऊर्जेच्या दाव्याला यातून आधार मिळत नाही, मात्र वॉर्डात माणसे कमी असल्याच्या तक्रारीला बळ मिळते. २००८ चा एक पद्धतशीर आढावा आणि नैराश्य-चिंतेवरचा २०१५ चा कॉक्रेन (उपचारांवरचे संशोधन एकत्र तपासणारी संस्था) आढावा, दोन्हींनी पुरावा अपुरा ठरवला. रेकीच्या जवळच्या ‘थेराप्युटिक टच’ या पद्धतीत रुग्णाच्या अंगाजवळ हात धरला की त्याची ऊर्जा जाणवते, असे मानतात. डोलोरेस क्रीगर या परिचारिकेनेच पुढे आणलेल्या या पद्धतीची एका शाळकरी मुलीने साध्या प्रयोगाने परीक्षा घेतली, ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. पडद्याआड तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे हे २१ उपचारकांना २८० प्रयत्नांत ४४ टक्के वेळाच ओळखता आले. नाणे उडवूनही याहून जास्त जमले असते.

परिचारिकेच्या स्वतःच्या स्वास्थ्यासाठी रेकी हा भाग वेगळा मोजावा लागतो. स्पेनमध्ये २०११ साली कामाने पार थकून गेलेल्या १८ परिचारिकांवर झालेल्या चाचणीत खऱ्या रेकीनंतर लाळेतील एका प्रतिपिंडाचे (रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रथिनाचे) प्रमाण वाढले आणि खालचा रक्तदाब उतरला. संख्या इतकी लहान की त्यावर इमारत उभारू नये. नाईट संपवून आल्यावर पोट आणि छातीवर हात ठेवून पडून राहायचे, ‘फक्त आजच्या दिवशी रागावणार नाही, काळजी करणार नाही’ ही उसुईंची वचने म्हणायची, एवढेच स्वतःवरच्या रेकीत असते. यात धोका नाही, खर्च नाही आणि झोप लवकर लागते, हे पुरेसे कारण मानणाऱ्यांना आढाव्यांची गरज वाटत नाही.

उशाशी अंबाबाईचे कुंकू, जोतिबाचा गुलाल किंवा नृसिंहवाडीचा अंगारा ठेवणाऱ्या नातेवाइकांना हात ठेवण्यात काही नवल वाटत नाही. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयापासून या भागातल्या परिचर्येवर मिशनचा ठसा आहे. त्या वळणाच्या सिस्टर रुग्णाजवळ बसतात त्या प्रार्थनेला. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने तर २००९ मध्ये आपल्या संस्थांत रेकी नको, असेच सांगितले.

आयुष मंत्रालयाच्या पद्धतींत रेकी नाही. कर्करोग, मधुमेह, अपस्मार बरे करणाऱ्या जादुई उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात रेकीचे नाव नाही, पण साप, कुत्रा वा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. ऊस आणि भाताच्या या जिल्ह्यात सर्पदंशाचे रुग्ण दर पावसाळ्यात येतात.